रकाना

दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी
चॅपेलच्या मागच्या खोलीत आम्ही पाच जण बसतो.
हीटर एकच. तो एलुनेडच्या पायाशी,
कारण चेकबुक तिच्याकडे.
वही मी सांभाळते. पोस्टात एकतीस वर्षं काढली,
दुसऱ्याचे पैसे मोजताना हात थरथरत नाही.

गाव पाटीच्या दगडाचं.
वेल्सच्या या कोपऱ्यातला डोंगर पोखरून
आमच्या आज्यापणज्यांनी परमुलखातली घरं शाकारली,
कुणाकुणाच्या पोरांना गिरवायला पाट्या धाडल्या.
डोंगर अजून उभा आहे. आतून पोकळ,
वरून काही कळत नाही.
मूत्रपिंडाचंही तसंच, डॉक्टर म्हणाले होते,
पार संपत येईपर्यंत हूं की चूं नाही.

अर्जात एक ओळ असते :
आपल्याला नेमकं काय हवं आहे?
पुढे चार बोटं कोरी जागा.
कुणी वॉशिंग मशीन मागतं,
रात्री घरीच डायलिसिस, चादरींना डाग पडतात.
कुणी विजेचं बिल जोडतं, आणि खाली बारीक अक्षरात :
मशीन चालू असलं की आम्ही दिवे मालवतो,
हवं तर येऊन बघा.
एका पोरीनं, वय एकोणीस, लिहिलं होतं :
लांब बाह्यांचा झगा, कॉलेजच्या नाचासाठी,
हातावरची फुगलेली शीर झाकेल असा.
एमरिस म्हणाला, हे नियमात बसत नाही.
एलुनेडनं चेक आधीच फाडला होता.

इदवाल पॅरीचा अर्ज बायकोनं भरलेला.
सही तेवढी त्याची, कागदाला भोक पडेल इतकी दाबून.
आठवड्याला तीन खेपा, बँगोरच्या हॉस्पिटलात.
पहिली बस पोचेस्तोवर मशीन दुसऱ्याला जातं.
आम्ही पेट्रोल मंजूर केलं :
सव्वीस खेपा, खेपेला सहा पौंड.
चेक घ्यायला नेस्टा आली.
तो गाडीत बसलाय, म्हणाली,
आणि उगाचच हातमोजे काढून परत घातले.
मी खिडकीतून पाहिलं.
टोपी भुवयांपर्यंत, गालात बर्फाचा खडा.
दिवसाला अर्धा लिटर पाणी, चहाही त्यातच.
आणि त्याच्या मागे, रस्त्याच्या कडेला
सगळा डोंगर झिरपत होता.

मार्चमध्ये लिफाफा आला.
विसाच्या दोन नोटा, दोन सुटी नाणी
चिकटपट्टीनं पुठ्ठ्याला लावलेली, हलू नयेत म्हणून.
चिठ्ठीत नेस्टाचं अक्षर, शाळेत घोटलेलं :
सव्वीसचे दिले होते. एकोणीस झाल्या.
विसावीला निघालो होतो, अर्ध्या वाटेवरून परतलो.
ती मी तुमच्या हिशेबात धरलेली नाही.

बराच वेळ कुणी बोललं नाही.
हीटर टकटक करत राहिला.
मग एमरिस म्हणाला, देणगीत लिही.
मी म्हटलं, ही देणगी नाही.
मग शिल्लक म्हण.
शिल्लकही नाही.
वहीत तीनच रकाने : आले, दिले, उरले.
एकतीस वर्षांत माझ्या काउंटरवर
कुणी जास्तीचं एक तिकीटसुद्धा परत केलं नव्हतं.
रविवारच्या शाळेच्या कपाटातून फूटपट्टी आणली,
पानाच्या कडेला, जिथे शिवण सुरू होते तिथे,
चौथी रेघ ओढली.
वर लिहिलं : परत.
खाली : बेचाळीस.
एलुनेडनं चश्मा पुसला, मग घड्याळ बघितलं,
आणि पुढचा अर्ज वाचायला घेतला.
फ्रीज हवा होता कुणाला तरी.

आता प्रत्येक नव्या पानावर
मी तो रकाना आखते.
अंगानं अरुंद, शिवणीला टेकलेला,
पानामागून पान कोराच जातो.
एमरिस म्हणतो, जागा फुकट जाते.
जाऊ दे, म्हणते मी.